साडेसोळा इंच : स्टुअर्ट रणगाडा, त्याचे चिलखत आणि राजौरीची वाट

खडेबाजारात पूर्वी एका शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी चार-सहा माणसे जमत असत. छावणी जवळ असल्यामुळे जवानांचे गणवेश उसवून-शिवून घेण्याचे काम तिथे बारमाही चाले आणि त्या निमित्ताने निवृत्त झालेले फौजीही येऊन बसत. त्यांत मराठा पलटणीतील एक वृद्ध हवालदार होते. कॉलेजात इतिहास शिकवतो म्हणून ते मला 'मास्तर' म्हणत आणि मी त्यांना काका म्हणत असे. एकदा रणगाड्यांचा विषय निघाला. पुस्तकी ज्ञानाच्या बळावर मी कुठल्या रणगाड्याचे चिलखत किती जाड होते ते सांगू लागलो. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं आकडं बरोबर असतील की. पण गाडा वरनं मरत नाही, खालनं मरतो."

त्या वेळी हे वाक्य मी अनुभवी माणसाची एक लकब म्हणून सोडून दिले. पुढे १९४८ सालच्या राजौरी मोहिमेचे वाचन करताना ते पुन्हा आठवले आणि त्यातील अर्थ उमगला. आपल्याकडे युद्धेतिहास लिहिला जातो तो बहुधा सेनापतींचा किंवा हुतात्म्यांचा. शस्त्राचा इतिहास कुणी लिहीत नाही. लिहिलाच तर तो कोष्टकांचा होतो. एखादे यंत्र अमुक आकाराचे का झाले, त्या आकाराने पुढे कोणत्या माणसाला कोणत्या प्रसंगात लोटले, हा धागा मधल्या मध्ये तुटून जातो. प्रस्तुत लेखात तो धागा एका लहानशा रणगाड्यापुरता धरून पाहण्याचा विचार आहे. तो रणगाडा म्हणजे अमेरिकेत तयार झालेला आणि ब्रिटिशांनी 'स्टुअर्ट' असे नाव दिलेला हलका रणगाडा.

'हलका' हा शब्द येथे सापेक्ष समजावा. स्टुअर्टचे वजन पहिल्या प्रकारात साडेबारा टनांच्या पुढे आणि शेवटच्या प्रकारात पंधरा टनांच्या वर होते. त्याच युद्धातील मध्यम वजनाचा शर्मन तीस टनांच्या घरात जातो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हलक्या रणगाड्याकडून जी अपेक्षा होती ती पूर्वी घोडदळाकडून असे. पुढे दौडत जावे, शत्रू कुठे आहे ते पाहावे, संधी मिळाली तर बगलेवर घाव घालावा आणि अंगावर मोठे संकट आले तर वेगाच्या बळावर निसटावे. म्हणजे वेग हीच त्याची ढाल. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या घोडदळाचा सेनानी असलेल्या जे. ई. बी. स्टुअर्टचे नाव ब्रिटिशांनी या गाड्याला दिले, त्यामागेही घोड्याचीच आठवण असावी. अमेरिकन स्वतः त्याला 'लाइट टँक एम-३' एवढेच रुक्ष नाव देऊन मोकळे झाले होते.

एम-३ चा पूर्वज म्हणजे एम-२ए४. त्याचे चिलखत एक इंचाचे, म्हणजे २५ मिलिमीटरचे. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला आणि तिथल्या लढाईत पातळ पत्र्याच्या रणगाड्यांची काय गत झाली हे अमेरिकन अधिकाऱ्यांनी दुरून पाहिले. त्यांनी पुढच्या बाजूचे चिलखत दीड इंचापर्यंत, म्हणजे ३८ मिलिमीटरपर्यंत वाढवले. चिलखत वाढले तसे वजन वाढले. वजन वाढले तेव्हा ते जमिनीवर अधिक पसरणे भाग पडले, म्हणून मागचे मोठे चाक खाली आणून जमिनीला टेकवले, की साखळीपट्ट्याचा जमिनीवर टेकणारा भाग लांब व्हावा. रणगाड्याच्या रचनेत कुठलीही एक गोष्ट एकटी बदलत नाही. घरात एक भिंत सरकवली की कौले, तुळया आणि गटारही सरकवावे लागते, त्यातलाच हा प्रकार. १९४१ च्या मार्चपासून या गाड्याचे कारखान्यातील उत्पादन सुरू झाले. रेल्वेचे डबे बनवणारी अमेरिकन कार अँड फाउंड्री ही कंपनी त्यात प्रमुख होती.

एम-३ ची छायाचित्रे पाहिली तर डोळ्यांत प्रथम भरते ती त्याची उंची. गाडा लहान, पण उभा. लांबी सुमारे साडेचार मीटर, रुंदी सव्वादोन मीटर आणि उंची मात्र अडीच मीटरांहून अधिक. लढाईत उंच असणे म्हणजे लवकर दिसणे. मग तो इतका उंच का केला? याचे उत्तर त्याच्या इंजिनात आहे. अमेरिकेने या गाड्यात विमानासाठी तयार झालेले कॉन्टिनेंटल कंपनीचे सात सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन बसवले. सूर्याच्या किरणांप्रमाणे मध्यबिंदूभोवती सिलिंडरे मांडलेले हे इंजिन हलके आणि जोमदार होते, ताकद सुमारे २५० अश्वशक्ती. परंतु अशा इंजिनाचा मुख्य दांडा बरोबर त्याच्या मध्यातून, म्हणजे पुष्कळ उंचावरून निघतो. इंजिन मागे आणि पट्टे फिरवणारी दातेरी चाके पुढे. त्यामुळे तो फिरता दांडा लढणाऱ्या माणसांच्या खोलीतून आरपार पुढे न्यावा लागला. तो उंच, म्हणून खोली उंच, म्हणून गाडा उंच.

त्या खोलीत चार माणसे बसत. पुढे चालक आणि त्याचा साहाय्यक, वर फिरत्या बुरुजात, ज्याला फौजी भाषेत टरेट म्हणतात, आणखी दोघे. सुरुवातीच्या एम-३ मध्ये टरेटला स्वतःची तळफळी नव्हती. टरेट फिरले की आतल्या दोघांनी त्याबरोबर पायाने सरकायचे आणि सरकताना मधला फिरता दांडा ओलांडायचा. दोघांपैकी एक गाड्याचा प्रमुख. त्याने बाहेर पाहायचे, हुकूम सोडायचे, शेजारच्या गाड्यांशी संधान राखायचे आणि त्याच वेळी तोफेच्या कामालाही हात लावायचा. जर्मनांनी आपल्या मध्यम रणगाड्यांत टरेटमध्ये तीन माणसे ठेवली होती, त्यामुळे त्यांच्या प्रमुखाचे डोळे मोकळे राहत. हा एका माणसाचा फरक चिलखताच्या कोष्टकात कुठेच नोंदला जात नाही, आणि रणांगणावर तो सेंटिमीटरभर पोलादापेक्षा जड भरतो, असे मला वाटते.

चिलखताविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. ३८ मिलिमीटर हा आकडा पुढच्या मुख्य पत्र्यापुरता आहे. नाकाड्याचा खालचा भाग त्याहून काहीसा जाड, तोफेभोवतालची ढालही जाड. बाजूंना आणि मागे २५ मिलिमीटरच्या आसपास. छपराला अवघा अर्धा इंच. आणि पोटाला, म्हणजे तळाच्या पत्र्याला, पुढे सुमारे १३ आणि मागे सुमारे १० मिलिमीटर. म्हणजे समोरच्या शत्रूला दाखवायला जे पोलाद होते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाने पोट झाकलेले. हा काही निष्काळजीपणा नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक सर्व रणगाड्यांची वाटणी अशीच होती. कारण तोफेचा गोळा समोरून येतो, हे गृहीत होते. वजनाची कमाल मर्यादा ठरली की पोलाद सारखे वाटता येत नाही, जिथे धोका अधिक तिथे द्यावे लागते. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीलाच झडप बांधतात, पूर्वेच्या नाही, तसेच.

आरंभीच्या एम-३ मध्ये टरेटचे पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे खिळे ठोकून जोडलेले होते. बाहेरून गोळा आदळला आणि चिलखत भेदले गेले नाही, तरी रिव्हेटाचे डोके तुटून आत बंदुकीच्या गोळीसारखे उडे. त्यामुळे लवकरच टरेटचे पत्रे वितळजोड करून, म्हणजे वेल्डिंगने जोडले जाऊ लागले आणि पुढे धडालाही तेच तंत्र लागू झाले. १९४२ साली आलेल्या एम-५ या प्रकारात आणखी मोठा बदल झाला. विमानी इंजिनांना विमानदलातूनच मागणी वाढल्यामुळे रणगाड्यांना ती पुरेनात. तेव्हा कॅडिलॅक मोटारीची आठ सिलिंडरांची दोन इंजिने शेजारी शेजारी बसवून, मोटारीचाच आपोआप गिअर बदलणारा संच त्याला जोडला गेला. ही इंजिने ठेंगणी, त्यामुळे तो कुप्रसिद्ध दांडा खाली गेला, आत जागा झाली. पुढचा पत्राही उभा न ठेवता तिरका करता आला. तिरका पत्रा २९ मिलिमीटरचाच होता, पण समोरून येणाऱ्या गोळ्याला तो तिरकस छेदावा लागे, म्हणून कमी जाडीत तेवढेच किंवा अधिक संरक्षण मिळे. श्रीमंतांच्या मोटारीतील यंत्र रणगाड्यात चालेल काय, अशी शंका अमेरिकन अधिकाऱ्यांनाही होती. ते उत्तम चालले. एम-३ आणि एम-५ मिळून या कुळातील बावीस हजारांहून अधिक गाडे बनले.

शस्त्रांचे म्हणाल तर मुख्य तोफ ३७ मिलिमीटरची. तिचा चिलखतभेदी गोळा एक किलोलाही भरत नसे. पाचशे यार्डांवरून तो सुमारे ५० मिलिमीटर पोलाद भेदू शके, हे १९४० च्या मानाने ठीक होते. दोन वर्षांतच ते अपुरे पडले. स्फोटक गोळा तर आणखी लहान, त्याच्या पोटात दारू मावून मावून किती मावणार! परंतु या तोफेसाठी तिसऱ्या प्रकारचाही एक गोळा होता, डब्यासारखा. त्यात पोलादाचे १२२ छर्रे भरलेले असत आणि तोफेच्या तोंडातून बाहेर पडताच ते पसरत. प्रशांत महासागरातील बेटांवर, दाट झाडीत, हा डबा मोठ्या गोळ्यापेक्षा अधिक भयंकर ठरला. तोफेखेरीज ब्राउनिंग मशीनगना. पहिल्या एम-३ वर अशा पाच होत्या. त्यांपैकी दोन धडाच्या दोन्ही अंगांना पक्क्या बसवलेल्या होत्या. त्या वळवता येत नसत, चालकाने गाड्याचे तोंड वळवून नेम धरायचा आणि चाप ओढायचा. ब्रिटिशांनी या दोन काढूनच टाकल्या आणि त्या जागी सामान ठेवले. सैनिकाला कुठली गोष्ट उपयोगी आणि कुठली शोभेची हे फार लवकर कळते.

१८ नोव्हेंबर १९४१ रोजी लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिशांनी 'क्रुसेडर' मोहीम सुरू केली, तेव्हा स्टुअर्ट प्रथम मोठ्या लढाईत उतरला. जर्मन मध्यम रणगाड्यांच्या आणि दूर पल्ल्याच्या ८८ मिलिमीटर तोफांच्या समोर त्याचे फार नुकसान झाले. तरीही ब्रिटिश शिपायांनी त्याला 'हनी', म्हणजे मध, असे लाडके नाव दिले. या विसंगतीचे कारण त्याच्या पट्ट्यांत आणि इंजिनात आहे. त्या काळचे ब्रिटिश रणगाडे वाळवंटात वारंवार बंद पडत, पट्टे तुटत. स्टुअर्टच्या रबरी ठोकळ्यांच्या पट्ट्यांना आणि विमानी इंजिनाला हा रोग नव्हता. तासाला पन्नास-पंचावन्न किलोमीटर धावणारा आणि संध्याकाळी पुन्हा तळावर परत आणणारा गाडा शिपायाला गोड वाटला, यात नवल नाही. त्याचा एक मोठा दोष म्हणजे पल्ला. एकदा टाकी भरली की शंभर-सव्वाशे किलोमीटरांत ती रिकामी होई. पुढे पुढे मोठ्या लढाईतून त्याला बाजूला काढून टेहळणीवर ठेवण्यात आले. युरोपात १९४४ साली जर्मनांच्या जाड चिलखतापुढे त्याची ३७ मिलिमीटरची तोफ केविलवाणी ठरली होती.

पूर्वेकडे मात्र गोष्ट निराळी होती. जपानी सैन्याच्या 'हा-गो' या हलक्या रणगाड्याचे चिलखत बारा मिलिमीटरचे. त्याच्यापुढे स्टुअर्ट दांडगा. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या सातव्या चिलखती ब्रिगेडचे स्टुअर्ट रंगूनच्या बंदरात उतरले आणि नंतरच्या तीन महिन्यांत ब्रह्मदेशातून माघार घेणाऱ्या सैन्याची पिछाडी त्यांनी सांभाळली. मे महिन्यात चिंदविन नदीवर मात्र गाडे पलीकडे नेण्याची सोय नव्हती. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ते तिथेच निकामी करण्यात आले. एकच गाडा कसाबसा नदीपार गेला. त्याचे नाव 'द कर्स ऑफ स्कॉटलंड'. पुढे हाच गाडा, टरेट काढून, भारतीय सैन्याच्या ७ व्या लाइट कॅव्हलरीच्या प्रमुखाचा गाडा म्हणून इंफाळच्या लढाईत आणि परत ब्रह्मदेशाच्या मोहिमेत वापरला गेला. ७ वी लाइट कॅव्हलरी हे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

याच सुमारास ब्रह्मदेशाच्या आराकान भागात मुंबई इलाख्यातील एक तरुण सॅपर लढत होता. रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, हावेरी येथे, वडील पोलिसांत. घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. आज हावेरी, कारवार आणि आपले बेळगाव ही तिन्ही कर्नाटकात आहेत. १९५६ च्या पूर्वी ती तिन्ही मुंबई राज्यात होती आणि बॉम्बे सॅपर्समध्ये भरती होणाऱ्या या मुलखातील मुलाला खडकीचे केंद्र परके वाटण्याचे काही कारण नव्हते. राणे १९४० च्या जुलैत सैन्यात शिरले, शिपायापासून वर चढले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी ते राजौरीच्या वाटेवर होते.

काश्मीरवरील टोळीवाल्यांच्या आक्रमणात राजौरी १९४७ च्या नोव्हेंबरात गेले होते. दक्षिणेकडील झांगर डिसेंबरात गेले. ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या हाताखालील ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने, जिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटणही होती, १८ मार्च १९४८ रोजी झांगर परत घेतले. आता नौशेराहून उत्तरेला राजौरीकडे जायचे होते. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. हा जुना मोगल बादशहांचा काश्मीरला जाण्याचा मार्ग. वाटेत चिंगस नावाचे ठाणे लागते, जिथे १६२७ साली परतीच्या प्रवासात मरण पावलेल्या जहांगीर बादशहाची आतडी पुरल्याची कथा सांगतात आणि गावाच्या नावाची व्युत्पत्तीही त्यावरूनच लावतात. असो. बादशहाच्या हत्तींना जी वाट पुरली ती रणगाड्यांना पुरेना. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला तावी नदी, आणि मधल्या नागमोडी रस्त्यावर शत्रूने झाडे पाडून, मोऱ्या उडवून, सुरुंग पेरून ठेवलेले.

या चढाईसाठी पायदळ होते ४ थ्या डोगरा पलटणीचे आणि त्यांच्या जोडीला सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट. समोरच्या शत्रूकडे मशीनगना होत्या, उखळी तोफा होत्या. परंतु स्टुअर्टच्या ३८ मिलिमीटरला भेदणारे असे फारसे काही नव्हते. म्हणजे लिबियात जो गाडा कागदी ठरला तो येथे अभेद्य होता. त्याची ती लहानशी तोफ येथे दगडी मोर्चे फोडायला पुरेशी होती. वरून, समोरून, बाजूने त्याला भय नव्हते. भय होते ते फक्त खालून. रणगाडाविरोधी सुरुंगात साधारण तीन ते सहा किलो स्फोटक असते. माणसाच्या पावलाखाली तो सहसा फुटत नाही, गाड्याच्या वजनाखाली फुटतो. पट्टा तुटला तर गाडा जागीच खिळतो आणि अरुंद घाटात एक गाडा खिळला की मागची सगळी रांग खिळते. आणि पोटाखाली फुटला तर दहा-तेरा मिलिमीटरच्या पत्र्याने आतल्या माणसांना वाचवण्याची आशा फारच थोडी. रॉक आयलंडला आखणीच्या टेबलावर तळाच्या पत्र्याला जे कमी पडले होते, ते येथे कुणी तरी आपल्या हातांनी भरून काढणे भाग होते.

८ एप्रिल १९४८. नौशेराच्या उत्तरेला बरवाली टेकडीच्या अलीकडे रणगाडे थांबलेले. राणे यांच्या तुकडीने सुरुंग काढायला सुरुवात करताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जखमी. जखमींत खुद्द राणेही होते. त्यांनी उरलेल्या माणसांना पुन्हा उभे केले आणि काम चालू ठेवले. संध्याकाळी टेकडी हाती आली, तरी रात्री दहापर्यंत ते काम करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत खपून रणगाड्यांसाठी बाजूने वाट काढली. मग पुढच्या गाडीत बसून स्वतः आघाडीला गेले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी. ती सुरुंगाने उडवली. पुढे पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. अंधार पडता पडता पाच मोठ्या पाइन वृक्षांचा अडसर आला, भोवती सुरुंग आणि त्यावर मशीनगनचा रोख. तो १० तारखेला पहाटे पावणेपाचला हाती घेतला आणि साडेसहापर्यंत मोकळा केला. पुढे रस्ता इतका उद्ध्वस्त होता की रणगाडे सरळ तावीच्या पात्रात उतरले आणि दगडगोट्यांतून दुपारी दोनच्या सुमारास चिंगसला पोहोचले. येथे स्टुअर्टचे हलकेपण कामी आले. तीस टनांचा गाडा त्या पात्रात कितपत चालला असता, याची शंका वाटते. राणे मात्र मागे राहून रस्ताच मोकळा करत बसले, कारण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना नदीचे पात्र चालणारे नव्हते. ११ तारखेलाही सकाळी सहा ते रात्री दहा. १२ एप्रिलला राजौरी हाती आले. तिथे झालेल्या कत्तलीच्या खुणा पाहून सैनिकही सुन्न झाले.

या मोहिमेच्या वर्णनांत एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. उघड्यावर जाऊन सुरुंग काढणे अशक्य झाले तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पालथे पडून ते सरपटत राहिले आणि वर तो गाडा त्यांच्याच वेगाने हळूहळू पुढे सरकत राहिला. चालकाशी बोलणे अशक्य; म्हणून दोन दोऱ्या. एक ओढली की थांबायचे, दुसरी ओढली की चालायचे. त्यांच्या परमवीर चक्राच्या गौरवपत्रात वरच्या सर्व तारखा आणि वेळा आहेत, ही दोऱ्यांची गोष्ट नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक नोंदवला पाहिजे. परंतु गौरवपत्र लिहिणाऱ्याला कामाचा हिशेब द्यायचा असतो आणि तो सगळा प्रकार सांगत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय यंत्राच्या बाजूने पाहिले तर या गोष्टीत अशक्य असे काही नाही. एम-३ चे पोट जमिनीपासून साडेसोळा इंच वर होते. नंतरच्या गाड्यांत ते थोडे खाली आले. पट्ट्यांच्या मधे माणूस आडवा मावेल एवढी रुंदी होती. चालकाने मात्र तसूभरही चूक करायची नाही, दोन्ही पट्टे सारखे चालवायचे. त्या चालकाचे नाव कुठल्या पुस्तकात मला सापडले नाही. १९४७-४८ च्या युद्धात परमवीर चक्र मिळालेल्या पाच जणांपैकी जिवंतपणी तो मान घेणारे दोघेच, लान्सनायक करम सिंग आणि हे राणे. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ च्या जुलैत पुण्यात वारले.

राजौरीनंतर सहा-सात महिन्यांनी याच कुळातील गाडे त्याहून अवघड ठिकाणी गेले. झोजी ला ही सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीची खिंड शत्रूने अडवून धरली होती आणि सप्टेंबरातील पायदळाचे हल्ले निष्फळ ठरले होते. मेजर जनरल थिमय्या यांनी ७ व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट वर नेण्याचे ठरवले. वाटेतले पूल कच्चे, म्हणून टरेट काढून ती वेगळी नेली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून गाडे झाकून नेले. मद्रास सॅपर्सनी बालतालपासून खिंडीपर्यंत घोड्यांच्या वाटेचा रस्ता केला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्फात स्टुअर्ट खिंडीत शिरले आणि एवढ्या उंचीवर रणगाडे पाहून शत्रूची ठाणी ढासळली. थिमय्या स्वतः आघाडीच्या गाड्यात होते. रेजिमेंटचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, ज्यांना सारे 'स्पॅरो' म्हणत. नोव्हेंबर संपण्यापूर्वी द्रास आणि कारगिल दोन्ही हाती आली. या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे अधिक लांबण लावत नाही. जो गाडा १९४४ साली युरोपात निकालात निघाला होता तो १९४८ साली लडाखची वाट उघडतो, एवढेच ध्यानात घ्यावे.

पुढे १९६२ साली चुशूलला फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे विमानाने नेण्यात आले. २०२० मध्ये लडाखात चीनशी संघर्ष झाल्यावर डोंगरात चढणाऱ्या हलक्या रणगाड्याची गरज पुन्हा बोलली जाऊ लागली. २०२४ च्या जुलैत गुजरातमधील हजीरा येथे 'झोरावर' नावाचा गाडा दाखवण्यात आला, वजन पंचवीस टन, तोफ १०५ मिलिमीटरची. वजन किती, चिलखत किती आणि ते कुठे घालायचे, हा रॉक आयलंडच्या आखणीवाल्यांना पडलेला प्रश्न त्याच्या रचनाकारांनाही चुकलेला नसणार. सुरुंगाच्या बाबतीत मात्र जगाने धडा घेतला आहे, असे दिसते. अलीकडच्या चिलखती गाड्यांचा तळ स्फोटाचा जोर बाजूंना वळावा असा नावेसारखा निमुळता करण्याकडे कल आहे.

राजौरीचे हे सगळे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी पुन्हा त्या दुकानात गेलो होतो. काकांना राणे यांची गोष्ट ठाऊक होती, अर्थातच. मी साडेसोळा इंचांचा आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी शिंप्याच्या गळ्यातली मापाची टेप मागून घेतली, वाकून ती फरशीवर उभी धरली आणि साडेसोळावर अंगठा ठेवला. कापड कापायच्या टेबलाच्या निम्म्याहून खाली आले ते. शिंप्याच्या हाताखालचा पोरगा पाहत होता. तो म्हणाला, "एवढ्यात माणूस मावतोय व्हय, काका?" काकांनी टेप गुंडाळून परत दिली. "मावला की," ते म्हणाले, आणि चहा सांगायला त्याला बाहेर पाठवले.